विश्लेषण : स्वादुपिंडाची सूज उतरली, घरी सोडलं... पण वजनकाट्याला न दिसणारं काय बदलतं?

वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून एक अवघड शब्द सगळ्यांच्या फीडमध्ये दिसू लागलाय. तो शब्द म्हणजे पॅन्क्रियाटायटिस.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही औषधं भारतात अधिकृतपणे दाखल झाली. दोन्हींच्या माहितीपत्रकात स्वादुपिंडाला सूज येण्याचा इशारा दिलेला आहे. जून २०२५ मध्येच ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने एक अभ्यास सुरू केला. ही इंजेक्शनं घेताना ज्यांना पॅन्क्रियाटायटिस झाला, त्यांच्या जनुकांमध्ये काही वेगळं आहे का, हे त्यात तपासलं जाणार आहे. मोठ्या चाचण्यांमध्ये या त्रासाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. पण इंजेक्शन घेणाऱ्यांची संख्या वाढली की छोटा टक्काही बरीच माणसं दाखवतो.

त्यामुळे सोशल मीडियावरची सगळी चर्चा 'इंजेक्शनमुळे पॅन्क्रियाटायटिस होतो का?' याच प्रश्नाभोवती फिरते. खरं तर हा आजार या औषधांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि बहुतेकांना तो पित्ताचे खडे किंवा दारू यामुळे होतो. त्याहून कमी विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे. एकदा हा झटका येऊन गेला, रुग्ण बरा होऊन घरी आला, तर पुढच्या पाच-दहा वर्षांत त्याच्या शरीराचं काय होतं?

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनाने याची बरीच उत्तरं दिली आहेत. त्यातली बरीचशी दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात, चरबी आणि स्नायू. शरीरात या दोन्हींचं प्रमाण किती आणि त्या नेमक्या कुठे आहेत, हे इथे महत्त्वाचं ठरतं. म्हणूनच हे समजून घेऊ.

आधी थोडक्यात : हा आजार नेमका काय आहे?

स्वादुपिंड म्हणजे पोटात जठराच्या मागे आडवी पसरलेली, साधारण १५ सेंटीमीटर लांबीची ग्रंथी. ती दोन कामं करते. अन्न पचवणारे एन्झाइम आतड्यात सोडते आणि इन्सुलिनसारखी हार्मोन रक्तात सोडते.

एन्झाइम आतड्यात पोहोचल्यावर सक्रिय व्हावेत अशी शरीराची रचना आहे. काही कारणाने ते ग्रंथीतच सक्रिय झाले तर अन्नाऐवजी स्वादुपिंडालाच पचवायला लागतात. हाच अक्यूट पॅन्क्रियाटायटिस. पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतं, कळ पाठीपर्यंत जाते, उलट्या होतात. रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या कमाल पातळीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त होतं.

पित्ताचे खडे आणि दारू ही दोन सगळ्यात मोठी कारणं. त्यानंतर रक्तातले ट्रायग्लिसराइड खूप वाढणं (साधारण १००० च्या वर), काही औषधं, पोटाला बसलेला मार अशी यादी आहे.

सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये आजार सौम्य असतो आणि आठवड्याभरात ते घरी जातात. उरलेल्यांमध्ये गुंतागुंत होते. फुप्फुस, मूत्रपिंड असे अवयव ४८ तासांहून जास्त काळ नीट काम करेनासे झाले तर त्याला 'तीव्र' आजार म्हणतात. त्यात जीवाला मोठा धोका असतो.

इथपर्यंतची गोष्ट हॉस्पिटलमधली. डॉक्टरांचं, नातेवाइकांचं, विमा कंपनीचं लक्ष याच टप्प्यावर असतं.

डिस्चार्जनंतर काय होतं? आकडे काय सांगतात?

२०१४ मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात २४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात अक्यूट पॅन्क्रियाटायटिसचा पहिलाच झटका आलेले आणि आधी मधुमेह नसलेले १,१०२ रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष असे :

- एकूण ३७ टक्के रुग्णांमध्ये नंतर मधुमेह किंवा मधुमेहाची पूर्वावस्था आढळली.
- पहिल्या १२ महिन्यांतच १५ टक्के रुग्णांना नव्याने मधुमेह झाला.
- पाच वर्षांनी हा धोका दुपटीहून जास्त झाला होता.

यातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट वेगळीच होती. आजार किती तीव्र होता, याचा मधुमेह होण्याशी फारसा संबंध दिसला नाही. म्हणजे 'माझा तर अगदी सौम्य होता, चार दिवसांत घरी आलो' असं म्हणणारेही यातून सुटत नाहीत.

दुसरा मुद्दा झटका परत येण्याचा. ८,००० हून जास्त रुग्णांचा आढावा घेणाऱ्या २०१५ च्या विश्लेषणानुसार पहिल्या झटक्यानंतर साधारण २२ टक्के लोकांना तो पुन्हा येतो. पहिल्या झटक्यानंतर १० टक्के लोकांचा आजार कायमचा, म्हणजे क्रॉनिक होतो. वारंवार झटके येणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांवर जातं. सिगारेट आणि दारू, दोन्हींमुळे हा धोका वाढतो.

तिसरा मुद्दा पचनाचा. साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांमध्ये पुढेही एन्झाइम कमी पडतात. खाल्लेली चरबी नीट पचत नाही. शौच तेलकट, चिकट, फिकट रंगाचं होतं, पाणी टाकूनही जात नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर शोषली जातात, त्यांचीही कमतरता होते. 'पोट बिघडलंय' असं म्हणून हे महिनोन्महिने अंगावर काढलं जातं.

यात चरबीचा काय संबंध?

लठ्ठ माणसांमध्ये हा आजार जास्त तीव्र का होतो, हे कोडं डॉक्टरांना बरीच वर्षं होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं एक उत्तर मांडलं.

सुजलेल्या स्वादुपिंडातून लायपेज हे एन्झाइम बाहेर गळतं. लायपेजचं कामच चरबी तोडणं. स्वादुपिंडाच्या आत आणि आजूबाजूला चरबी साठलेली असेल तर त्याला आयतंच इंधन मिळतं. चरबी तुटून असंपृक्त फॅटी ॲसिड्स मोकळी होतात. ती आजूबाजूच्या पेशी मारतात, रक्तात जातात आणि फुप्फुस, मूत्रपिंड यांचं नुकसान करतात. काही फॅटी ॲसिड्स कॅल्शियमला चिकटतात आणि खडूसारखे पांढरे डाग तयार होतात. साबण तयार होण्यासारखीच ही प्रक्रिया. तीव्र आजारात रक्तातलं कॅल्शियम घसरतं, त्याचं हे एक कारण.

म्हणजे चरबी किती, यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. मांडीवरची, कातडीखालची चरबी वेगळी आणि पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी वेगळी.

झटका ओसरल्यावरही हीच चरबी त्रास देत राहते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले मॅक्स पेत्रोव्ह आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं अशा रुग्णांचे एमआरआय करून पोटातली, स्नायूंमधली आणि थेट स्वादुपिंडाच्या आतली चरबी मोजत आहेत. पॅन्क्रियाटायटिसनंतर ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्यात पोटाच्या आतली आणि स्वादुपिंडातली चरबी जास्त असल्याचं त्यांना दिसलं.

याचा अर्थ सरळ आहे. झटक्यात ग्रंथीच्या पेशी मेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून मधुमेह झाला, हे चित्र अपुरं आहे. तसं असतं तर सौम्य आजारानंतर मधुमेह झालाच नसता. सूज, चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. पेशी मेल्या तर आपल्या हातात फार काही उरत नाही. चरबीचं तसं नाही, तिच्यावर काम करता येतं.

आणि स्नायूंचं काय?

स्नायू म्हणजे फक्त ताकद नाही. जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर उचलणारं शरीरातलं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान झालं की साखर रक्तातच फिरत राहते.

पॅन्क्रियाटायटिसमध्ये स्नायूंवर चारही बाजूंनी मार बसतो. अंगात प्रचंड सूज असते, म्हणून शरीर स्वतःचीच प्रथिनं तोडतं. रुग्ण अंथरुणावर असतो. दुखतं म्हणून खाणं कमी होतं. आणि खाल्लेलंही नीट पचत नाही.

हे किती वेगाने घडतं? २०१३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आयसीयूतल्या ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाऊंडने मोजला. ते वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण होते. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचं आकारमान सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं होतं. तीव्र पॅन्क्रियाटायटिसचा रुग्ण आयसीयूत दहा दिवसच नाही, कधी कधी महिनाभरही असतो.

स्नायूंचा आकारच नाही, दर्जाही महत्त्वाचा आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाचा भाग मृत झालेल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या स्नायूंची घनता कमी होती, म्हणजे स्नायूंमध्ये चरबी शिरलेली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं.

मग वजनकाट्यावर हे का दिसत नाही?

कारण काटा सगळं एकत्र मोजतो. समजा हॉस्पिटलमध्ये जाताना वजन ७० किलो होतं. आल्यावर ६४ झालं आणि सहा महिन्यांत पुन्हा ७० झालं. घरचे म्हणतात, 'चला, अंगावर आलं एकदाचं!' पण गेलेल्या सहा किलोत स्नायूंचा मोठा वाटा असेल आणि परत आलेल्या सहा किलोत मुख्यतः चरबी असेल, तर काटा तोच आकडा दाखवतो. शरीर मात्र तेच राहिलेलं नसतं.

बीएमआयचंही तसंच. हा मुद्दा भारतीयांना जास्त लागू पडतो आणि त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पुण्यातलं आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. 'दिसायला बारीक, आतून चरबी जास्त' या भारतीय शरीराचं ते एका फोटोतलं स्पष्टीकरण होतं.

आपल्याकडे स्नायूंचं प्रमाण मुळात कमी आणि पोटातली चरबी जास्त. त्यात मधुमेहाची पार्श्वभूमी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशा शरीरावर पॅन्क्रियाटायटिसचा घाव बसला तर वाचायला जागा कमी उरते.

'साधी शुगर आहे' असं समजलं तर काय बिघडतं?

पॅन्क्रियाटायटिसनंतरचा मधुमेह टाइप १ही नाही आणि नेहमीचा टाइप २ही नाही. त्याला टाइप ३सी असंही म्हणतात. पण तो ओळखलाच जात नाही.

इंग्लंडमधल्या २० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये 'डायबिटीस केअर'मध्ये आला. स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह झालेल्या ८७.८ टक्के लोकांची नोंद 'टाइप २' अशीच झाली होती. टाइप ३सी असं निदान फक्त २.७ टक्के लोकांचं झालं होतं.

नावात काय आहे? उपचारात आहे. त्याच अभ्यासात पाच वर्षांच्या आत इन्सुलिनची गरज लागलेल्यांचं प्रमाण टाइप २ मध्ये ४.१ टक्के होतं. अक्यूट पॅन्क्रियाटायटिसनंतरच्या मधुमेहात ते २०.९ टक्के होतं. आणि वजन कमी करणारी जी औषधं टाइप २ मध्ये सर्रास दिली जातात, ती अशा रुग्णाला द्यायची का, हा डॉक्टरांनी थांबून विचार करण्याचा विषय आहे. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत कमी झालेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर घटकांचा, त्यात स्नायूंचाही होता. आधीच स्नायू गमावलेल्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर 'मला शुगर आहे' एवढंच सांगू नका. 'अमुक साली स्वादुपिंडाला सूज आली होती' हे आधी सांगा आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा.

मग करायचं काय?

यातल्या बऱ्याच गोष्टींना महागडं तंत्रज्ञान लागत नाही.

१. साखर तपासा. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. अक्यूट पॅन्क्रियाटायटिसनंतर ३ ते ६ महिन्यांत मधुमेहाची तपासणी करा, त्यानंतर दर वर्षी करा. त्रास नसला तरी करा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवा.

२. कारण काढून टाका. खड्यांमुळे झाला असेल तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया 'नंतर बघू' म्हणून लांबवू नका. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या डच चाचणीत सौम्य आजाराच्या रुग्णांची शस्त्रक्रिया त्याच भरतीत केली. खड्यांशी संबंधित गुंतागुंत किंवा मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ट्रायग्लिसराइड हे कारण असेल तर गोळ्या आणि पथ्य दोन्ही कायम ठेवावं लागतं.

३. दारूबद्दल एकदा सांगून भागत नाही. फिनलंडमध्ये दारूमुळे पहिला झटका आलेल्या १२० रुग्णांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांशी हॉस्पिटलमध्ये नर्स अर्धा तास बोलली. त्यातल्या निम्म्यांना दर सहा महिन्यांनी बोलावून पुन्हा तेच समजावलं. दोन वर्षांत एकदाच समजावलेल्या गटात २१ टक्के लोकांना झटका परत आला, तर पुन्हा पुन्हा बोलावलेल्या गटात ८ टक्के लोकांना. ना नवं औषध, ना मशीन. फक्त कोणीतरी न विसरता विचारत राहिलं. सिगारेटही सोडायलाच हवी.

४. वर्षभर मऊ भात आणि पेजेवर राहू नका. सुरुवातीला कमी तेलाचं, पचायला हलकं खाणं योग्यच. पण आपल्याकडे ते पथ्य कधी संपतं, हे कोणी सांगतच नाही. काळजीपोटी सहा-सहा महिने वरणाचं पाणी आणि मऊ भात दिला जातो. त्यात प्रथिनं फार कमी. स्नायू परत यायला डाळी, कडधान्यं, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन यातलं घरात चालतं ते, पचेल तसं वाढवावं लागतं. किती आणि कधी, हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना नेमकं विचारा. 'हे पथ्य कधी थांबवायचं?' हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशीच विचारा.

५. शौचाबद्दल लाजू नका. तेलकट शौच, गॅस आणि घटणारं वजन असं एकत्र दिसलं तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागू शकतात. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तासाभराने नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. धार्मिक किंवा शाकाहाराच्या कारणाने अडचण असेल तर गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांशी उघड बोला.

६. काट्यासोबत टेप ठेवा. कंबर मोजा. भारतीय पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर गेली तर पोटातली चरबी वाढल्याची ती खूण आहे. वजन तेवढंच आणि कंबर वाढती, हे लक्षण चांगलं नाही.

७. खुर्चीवरून उठून बघा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागत असेल तर स्नायूंची क्षमता कमी झालेली असू शकते. वयस्कर व्यक्ती असेल तर कोणीतरी जवळ उभं राहा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चालण्यासोबत हलका वजनांचा किंवा ताणपट्ट्याचा व्यायाम सुरू करा. नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत.

जिममधल्या किंवा घरच्या स्मार्ट काट्याचं काय? तो शरीरातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतो. अंगावर सूज असेल, पाणी कमी-जास्त असेल तर तो फसतो. आजारपणानंतर लगेच त्याच्यावर विसंबू नका. डेक्सा स्कॅन जास्त अचूक. आणि ज्यांचा पोटाचा सीटी स्कॅन आधीच झालाय, त्यांच्या स्कॅनमध्ये स्नायूंची माहिती असतेच. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेल्या एका आडव्या छेदावरून ती मोजता येते. पण रिपोर्टमध्ये सहसा त्याचा उल्लेख नसतो, कारण तो कोणी मागत नाही.

पुढे काय?

अमेरिकेत 'ड्रीम' नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. अक्यूट पॅन्क्रियाटायटिसनंतर कोणाला मधुमेह होतो, कोणाला नाही आणि का, हे त्यात अनेक केंद्रांवरच्या रुग्णांचा पाठपुरावा करून शोधलं जातंय. त्यातून धोका आधीच ओळखण्याचा मार्ग सापडू शकतो.

भारतात मात्र आजची अडचण त्याहून साधी आहे. सर्जनने खडे काढले की त्याचं काम संपतं. पोटविकारतज्ज्ञ सूज उतरली की मोकळा होतो. मधुमेहतज्ज्ञाकडे रुग्ण चार वर्षांनी पोहोचतो, तेव्हा जुनी फाइल माळ्यावर असते. या तिघांना जोडणारा दुवा कोणाच्याच जबाबदारीत नाही. तो तयार होईपर्यंत ते काम रुग्णाला आणि घरच्यांनाच करावं लागेल.

तुमच्या घरात, ग्रुपवर कोणाला गेल्या काही वर्षांत हा त्रास होऊन गेला असेल तर त्यांना फक्त एकच प्रश्न विचारा : 'त्यानंतर शुगर कधी तपासली होती?'

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध, आहार किंवा व्यायामात बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पोटात अचानक जोरात दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय न करता लगेच हॉस्पिटल गाठा.)